"कापड आपलं, शर्ट परगावी" : नगरसेवकानं धंद्याबद्दल बोलावं का?

ताणाबाणा
राम राम मंडळी. इचलकरंजीत महापालिकेची पहिलीच निवडणूक (जानेवारी २०२६ ची) लागली आहे. शेवटचं मत आम्ही २०१६ ला नगरपालिकेला दिलं. २०२१ च्या अखेरीस ती मुदत संपली, २०२२ ला पालिकेची महापालिका झाली, आणि तेव्हापासून प्रशासकच. मधल्या काळात माझा पोरगा मतदार झाला.

परवा रात्री आमच्या गल्लीत कोपरा सभा झाली. उमेदवार बाई आहेत. स्वतःचं वीस-बावीस शिलाई मशीनचं युनिट चालवतात. नाव, पक्ष मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच जाईल. गटार, दिवे, रस्ता यावर दोन मिनिटं बोलल्या आणि उरलेला सगळा वेळ धंद्यावर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपण कोरं कापड विणतो आणि ग्रेमध्येच, म्हणजे बिनरंगाचं, बाहेर पाठवतो. रंग दुसरा देतो, शर्ट तिसरा शिवतो आणि पैसाही तोच मिळवतो. तेव्हा पालिकेच्या पडून असलेल्या जागांवर बायकांसाठी शिलाईचे गाळे काढायचे, पाळणाघरासकट. सांडपाणी शुद्ध करून प्रोसेसवाल्यांना, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांना, विकायचं. गल्लीबोळातले माग हळूहळू वसाहतीत हलवायचे. हद्दवाढ आत्ता नको, आधी आहे त्या गावाला पाणी द्या. आणि शेवटी म्हणाल्या, "विजेचा दर कमी करून देते असं मी म्हणणार नाही, ते माझ्या हातात नाही." या वाक्याला टाळी पडली नाही, पण मला तेच आवडलं.

माझे २४ साधे माग, खर्चीवर चालतात. (बाहेरच्यांसाठी: सूत, बीम म्हणजे उभा धागा गुंडाळलेला रूळ, ट्रेडिंगवाल्याचं. आम्ही विणून द्यायचं आणि पिकामागं मजुरी घ्यायची.) तर प्रश्न असा की नगरसेवकानं असलं बोलावं का? की हे आमदार-खासदाराचं काम, आणि यानं आपलं गटार बघावं?

आडकित्ता
गटार बघावं. पुढचा धागा.

गावभागचा_बाळ्या
भावा, यावेळी रेल्वे नाही आली का भाषणात? हातकणंगल्यापासून आठ किलोमीटर. दर निवडणुकीला निघते, मतमोजणीला परत जाते.

ताणाबाणा
@बाळ्या नाही आली. विमानतळ पण नाही. म्हणूनच तर धागा काढला.

निवृत्त_कारकून
मी एका नगरपालिकेत बत्तीस वर्षं काढली. कुठल्या ते विचारू नका. म्हणून दोन शब्द.

७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. शहरी संस्थांची १८ कामं त्यात आहेत. तिसऱ्या क्रमांकाचं काम "आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन". रस्ते-पूल चौथे, पाणीपुरवठा पाचवा. म्हणजे कागदावर तुमच्या बाई गटारापेक्षा वरच्या कलमावर बोलत आहेत, आडकित्ता.

आता कागदाबाहेरचं. महापालिकेत अंदाजपत्रक आयुक्त बनवतात, ते स्थायी समितीकडं जातं, मग महासभेत. आयुक्त राज्य सरकारनं नेमलेले. एकट्या नगरसेवकाला भांडवली कामाचं एक पान मिळतं, त्यात त्याच्या गल्लीचं काँक्रीट बसतं. धंद्याच्या कलमासाठी मी कधी वेगळी फाईल पाहिली नाही. एकच फाईल दरवर्षी यायची. महिला व बालकल्याणचा ५ टक्के निधी, त्यातून शिलाई मशीन वाटप. मशीन द्यायचं, फोटो काढायचा. ती बाई ते मशीन घेऊन कुणाचे कपडे शिवणार, सूत-कापड कुठून आणणार, माल कोण उचलणार, हा रकाना त्या फाईलीत नव्हता.

सुईदोरा
काका, ते मशीन माझ्याकडं आहे. गावाचं नाव नको. त्यावर टीव्ही ठेवलाय.

पिकपैसे
हसू नका, सुईदोराताईंनी एका ओळीत सगळं सांगितलं. मशीन देणं सोपं, काम देणं अवघड.

ताणाबाणा, मला मात्र त्यांच्या "गल्लीतले माग हलवायचे" या मुद्द्यावर बोलायचंय. बोलणाऱ्यानं खर्चीवाल्याचं घर आतून बघितलंय का? आमचे आठ माग घराच्या मागच्या पत्र्यात. आई कांड्या (आडव्या धाग्याच्या) भरते. बायको सकाळी भाकरी टाकून एक फेरी मारते, तुटलेला धागा जोडते, परत चुलीपाशी. रात्रपाळीला माणूस आला नाही तर मी उठतो, चार पावलं चालतो. यातल्या कुणाचा पगार लावलेला नाही, म्हणून आठ माग जगतात. वसाहतीत गाळा घेतला की भाडं, येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि आईच्या जागी पगारी कांडीवाली. दिवाळीपर्यंत माग भंगारात किलोवर जातील.

जवाहरनगरची_सून
@पिकपैसे तुमचं सगळं पटतं, पण भिंतीच्या अलीकडं मी राहते. (तुमच्याच असं नाही.) लग्न होऊन आले तेव्हा तीन रात्री झोप नाही. सासूबाई म्हणाल्या, "होईल सवय." झाली. आता रविवारी माग बंद असले की जाग येते. पण मुलगी दहावीला आहे आणि कानात बोळे घालून अभ्यास करते. तिला सवय व्हावी असं मला वाटत नाही.

पिकपैसे
@सून यावर मला उत्तर नाही ताई.

ताणाबाणा
दोघंही बरोबर आहेत हीच अडचण आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हा नगररचना विभाग नव्हता. माग आणि घर एकत्रच वाढलं. आता नकाशावर निवासी रंग दिसतो, खाली पत्र्यात माग.

चंदूरकर
हद्दवाढ नको म्हणाल्या? बरं झालं. आमच्या गावाला तुमची हद्द नकोच आहे. पण एक गोष्ट विसरू नका. तुमचे नवे शटललेस (बिनधोट्याचे वेगवान माग, एअरजेट त्यातलाच) कुठं बसले? यड्रावला, तारदाळला, हातकणंगल्याच्या लक्ष्मी वसाहतीत. गावात आत एअरजेटला जागाच नाही. शेडचा कर तिथल्या ग्रामपंचायतीला आणि कामगार राहायला तुमच्याकडं. त्यांचं पाणी, कचरा, शाळा तुमच्या डोक्यावर. मग महापालिका वाढ कशावर करणार?

निवृत्त_कारकून
@चंदूरकर नेमकं बोललात. जकात असताना सुताचा ट्रक आत आला की पालिकेला पैसा दिसायचा. जकात गेली, त्या बदल्यात राज्याचं अनुदान आलं. आता गावातला धंदा दुप्पट झाला तरी तिजोरीत दुप्पट पडत नाही आणि निम्मा झाला तरी लगेच कळत नाही. राहिली घरपट्टी. ती वाढवतो म्हणणारा निवडून येत नाही. धंदा वाढला काय नि मेला काय, पालिकेला थेट टोचत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. या बाई बोलल्या म्हणून मलाच नवल वाटलं.

उधनाकर
सुरतेहून लिहितोय. मूळ अमळनेरचा, वडील इथं मागावर आले, मी उधन्यात वाढलो. इथं आमची खानदेशी मंडळी लिंबायत-उधन्यात इतकी आहेत की भाजीवाल्याशी मराठीतच भांडतो.

बाईंचा सांडपाण्याचा मुद्दा हवेतला नाही. सुरत महापालिका २०१४ पासून बमरोलीला शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करते आणि पांडेसराच्या कारखान्यांना विकते. रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प. डाईंगवाल्यांना बारमाही पाणी, महापालिकेला पैसे, आणि तेवढं तापीचं पाणी प्यायला उरतं. लक्षात घ्या, हे तेच शहर आहे ज्याचं नाव १९९४ च्या प्लेगमुळं जगभर बदनाम झालं होतं. आम्ही शाळेत होतो, अर्धी गल्ली रात्रीत गावाला पळाली. त्यानंतर एस. आर. राव आयुक्त आले आणि झाडूपासून सुरुवात झाली. धंद्याचं कुणी नाव घेत नव्हतं. आधी गटारच साफ झालं.

आडकित्ता
म्हणजे गटारच. मी पहिल्या ओळीत हेच म्हणालो.

उधनाकर
@आडकित्ता हो, पण तुमचं गटार आणि त्यांचं गटार वेगळं आहे. तुम्ही घरासमोरून पाणी पुढं ढकलायचं म्हणताय. त्यांनी ते पकडून विकलं.

शिरोळचा_मासा
पुढं ढकलायचं म्हणजे आमच्याकडं. काळा ओढा पंचगंगेला मिळतो आणि तेरवाड बंधाऱ्यावर आम्ही मेलेले मासे मोजतो. फोटो टाकले तर धागा बघवणार नाही. तुमच्या बाईंनी सांडपाणी विकायचं म्हटलं असेल तर मी शिरोळ तालुक्यातून येऊन प्रचार करायला तयार आहे, जेवण माझं मी आणीन.

कागलचा_काका
प्रचार जरूर करा. पण त्या "आधी गावाला पाणी" म्हणाल्या ना, ते कुठून आणणार ते विचारलं का? कृष्णेवर मजरेवाडीहून योजना झाली. वारणेचं पाणी मागितलं, दानोळीकर रस्त्यावर उतरले. मग दूधगंगेवर सुळकूडला नजर गेली. आमचा शेतकरी दूधगंगेवरच्याच काळम्मावाडी धरणाच्या पाण्यावर आहे. दारात पंचगंगा असताना दर दहा वर्षांनी नवीन नदी कशाला लागते?

ताणाबाणा
काका, पंचगंगेची काय दशा आहे ते वर शिरोळकरांनी लिहिलंय. २०१२ ची कावीळ आम्ही विसरलेलो नाही. माणसं गेली त्यात. नळाच्या पाण्याकडं बघायची भीती बसली ती बसली. आम्हाला तुमचं पाणी हौसेनं नको आहे.

कागलचा_काका
माणसं गेली ते माहीत आहे, दुःख आहे. पण नदी घाण केली कुणी? आपण सगळ्यांनी, मान्य. पण सर्वात जास्त कुणी, ते बी बोला.

प्रोसेसचा_पोरगा
आलोच. शिव्या द्यायच्या आधी ऐका. आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे. सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च कापडाच्या मीटरमागं पडतो. तो आम्ही भावात घातला की व्यापारी म्हणतो, दुसरीकडं स्वस्त आहे. तिरुपूरला २०११ साली मद्रास हायकोर्टानं रंगाई युनिट बंद केली, तेव्हा तिथले लोकही हेच म्हणत होते. मग सगळ्यांनाच शून्य विसर्ग, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणं, करावा लागला. खर्च सगळ्यांना सारखा पडला, आणि तिरुपूर अजून निर्यात करतंय. मला नियमाची भीती नाही. नियम मला एक आणि शेजाऱ्याला दुसरा, ही भीती आहे.

शुद्ध केलेलं पाणी पाइपनं दारात आलं तर मी घेईन. लिहून घ्या. आत्ता टँकर घेतोय. पण "मिळेल" म्हणून मशिनरी बदलणार नाही, आधी नळ दाखवा.

गावभागचा_बाळ्या
"आधी नळ दाखवा" ही घोषणा भिंतीवर रंगवायला पाहिजे.

संपादक मंडळ
आचारसंहिता लागू आहे. उमेदवाराचं नाव, चिन्ह, पक्ष यांचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कपबशीचा फोटो टाकणाऱ्यांनी "मी चहाबद्दल बोलत होतो" असं व्यनि (खासगी निरोप) करू नये.

नवा_मेंबर
पाळी, पिक, खर्ची... हे सगळं पहिल्यांदाच ऐकतोय. पिक म्हणजे शेतातलं का?

पिकपैसे
@नवा_मेंबर नाही हो. ते पीक दीर्घ, आमचं पिक ऱ्हस्व. आडवा धागा एकदा गेला की एक पिक. कापडाच्या एका इंचात किती पिक, त्यावर मजुरी पैशात ठरते. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो, एअरजेट सहाशेच्या वर. आमची गोष्ट एवढीच आहे.

सुईदोरा
मी शिवणकामाला जाते, टीव्हीखालच्या मशीनवर नाही, दुसऱ्याच्या शेडमध्ये. म्हणून लिहिते.

गाळे काढायचे म्हणतात, चांगलं आहे. पण आमच्याकडं बायका काम का सोडतात ते सांगू? पगार कमी म्हणून सोडणाऱ्या कमी. संडास नाही म्हणून पाणी पीत नाहीत, मग उन्हाळ्यात चक्कर येते. लेकरू तापलं की चार दिवस खाडा, आल्यावर मशीन दुसरीला दिलेलं. सातनंतर रिक्षा मिळत नाही. पाळणाघराचं नाव बाईंनी घेतलं म्हणजे त्यांना माहीत आहे. पुरुष उमेदवारांनी आजपर्यंत "महिला सक्षमीकरण" म्हटलंय, संडास नाही म्हटलं.

मिरजेची_मावशी
सुईदोरा, शाब्बास ग. हे प्रतिसाद वाचून माझं मत बदललं. मी लिहायला आले होते की नगरसेविकेनं एवढं मोठं बोलू नये. पण संडास, पाळणाघर, रस्त्यावरचा दिवा, रात्रीची बस, हे सगळं पालिकेचंच की. कारखाना काढा म्हणत नाहीये कुणी. कारखान्यापर्यंत बाईला पोचू द्या, एवढंच म्हणतेय.

आडकित्ता
मावशी, पण फ्लेक्सवर त्यांच्यापेक्षा यजमानांचा फोटो मोठा असेल बघा. सभागृहात कोण जाणार आहे ते आधी विचारा.

ताणाबाणा
@आडकित्ता मी फ्लेक्स मोजला नाही. यजमान सभेत खुर्च्या लावत होते.

शेडमालक_तारदाळ
माझं वेगळं मत. बाईंची सगळी योजना शिलाईवर आहे, पण इथल्या कापडाचा शर्ट होतो का? आपण जास्त करून साधं सुती ग्रे विणतो. गारमेंटवाल्याला लागतो सलग लांबीचा, बिनफॉल्टचा माल. साध्या मागाच्या कापडात गाठी, पट्टे येतात. तो माल अस्तराला, धोतर-लुंगीला, बाजारातल्या स्वस्त कापडाला जातो. म्हणून शिलाई उभी केली तरी कापड बाहेरूनच आणावं लागेल. आधी मागाचा दर्जा, मग शर्ट. डीकेटीई कॉलेज १९८२ पासून गावात आहे, टेक्स्टाईलची पोरं शिकून बाहेर जातात. त्यांना चार शेडमध्ये फिरवलं तरी फॉल्ट कमी होतील.

पिकपैसे
@शेडमालक फॉल्ट माग जुना म्हणून येतात, आणि खर्चीवाल्याकडं नवा माग घ्यायला तारण नाही म्हणून माग जुना. बँकेला घराचा उतारा दाखवला की म्हणते, यात व्यवसाय कसा? परवाना नाही म्हणून कर्ज नाही आणि निवासी म्हणून परवाना नाही.

निवृत्त_कारकून
@पिकपैसे हे मात्र थेट नगरसेवकाच्या टेबलावरचं आहे. निवासी भागात किती अश्वशक्तीपर्यंत व्यवसाय चालेल हे नियमावलीत ठरतं. ती राज्याची, पण विकास आराखड्याच्या हरकती इथंच घेतात आणि महासभा ठराव करून शासनाला पाठवू शकते. हलवायचं नसेल तर निदान आहे ते कागदावर आणा. विजेच्या दरासाठी मोर्चा निघतो. २०२४ ला २७ अश्वशक्तीपर्यंतच्यांना युनिटमागं १ रुपया आणि त्याहून मोठ्यांना ७५ पैसे जादा सवलत मिळाली, ती मुंबईतून. उताऱ्यासाठी मोर्चा निघालेला मी बघितला नाही.

गावभागचा_बाळ्या
कारण "उतारा मिळालाच पाहिजे" म्हटलं की लोक लिंबू कापून आणतील.

जवाहरनगरची_सून
😂 काका, त्या हरकतीत भिंतीच्या अलीकडचे पण येऊ द्या. रात्री दहानंतर काय, आवाज किती, भिंतीला काय लावायचं, हेही त्याच कागदावर.

पिकपैसे
@सून ताई, दहानंतर चार माग बंद ठेवायला मी तयार आहे. आठच्या आठ नाही. आणि आधी मालकाशी, म्हणजे आईशी बोलावं लागेल.

ताणाबाणा
मंडळी, अपडेट. काल बाईंच्या युनिटवर जाऊन आलो. दारात चपला किती आहेत ते मोजून आत गेलो, तेवढ्याच बायका आत होत्या. संडास आहे (सुईदोराताई, मुद्दाम विचारलं). पाळणाघर म्हणजे कोपऱ्यात दोन साड्यांचे झोके आणि एक आजी.

तुमचे मुद्दे वाचून दाखवले. माग हलवण्यावर पिकपैसेंचा प्रतिसाद पूर्ण वाचला. गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं माग नाही. मला वाटलं जागा मिळाली की माणूस खूशच होणार." मी म्हटलं, भाडं कोण भरणार? म्हणाल्या, "ते मी धरलं नव्हतं." पाण्याचं विचारलं तर सुरतेचं त्यांनी ऐकलं होतं, पण आपल्याकडं शुद्धीकरण केंद्रातून रोज किती पाणी निघतं ते माहीत नव्हतं. नदीचं विचारलं तर काकांना उत्तर द्यायला त्यांच्याकडंही काही नाही. शेवटी एक कोरी वही पुढं केली आणि म्हणाल्या, "मागाचं तुम्ही लिहून द्या, रविवारच्या सभेत वाचते."

आता वही माझ्याकडं आहे. मत कुणाला देणार ते अजून ठरलं नाही. प्रभागात चार जणांना मत द्यायचंय, बाकीचे तीन कोण तेही कळायचंय. पण वही रिकामी परत द्यायची नाही. पहिल्या पानावर उतारा आणि परवाना घालतो. दुसऱ्यावर रात्रीच्या आवाजाचं. अजून काय?

प्रोसेसचा_पोरगा
नळ.

शिरोळचा_मासा
नळाच्या आधी ओढा.

सुईदोरा
सातनंतरची बस. शहापूरपासून विक्रमनगरपर्यंत एक तरी.

शेडमालक_तारदाळ
माझं मत तिकडं नाही, पण लिहा: बीमचा टेम्पो आत येईल एवढा रस्ता. खड्ड्यातून बीम उड्या मारत येतो आणि दोष जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला.

आडकित्ता
गटार. वही आहे म्हणून सांगतो.

ताणाबाणा
@आडकित्ता लिहिलं. तिसऱ्या पानावर, तुमच्या नावानं.

गावभागचा_बाळ्या
रविवारी सभा किती वाजता?

ताणाबाणा
आठला. माग बंद ठेवले तर ऐकू येईल.